‘पॉर्फिरिन नॉर्मल’ : एका चुकलेल्या प्रश्नाचं प्रकरण

फाइलच्या मधल्या एका पानावर लाल पेनाने लिहिलेलं होतं : ‘पॉर्फिरिन नॉर्मल. पॉर्फिरिया नाही.’ खाली तारीख, सही. पॉर्फिरिया म्हणजे हीम (हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग) बनवणाऱ्या साखळीतलं एखादं एन्झाइम बिघडल्याने होणारे आजार, आणि पॉर्फिरिन म्हणजे त्या साखळीत वाटेत बनणारी द्रव्यं. हे वाक्य लिहिलं गेलं त्या दिवशी रुग्णाला पॉर्फिरियाचा अटॅक चालू होता. आणि रिपोर्ट खोटा नव्हता. रक्तातलं पॉर्फिरिन खरोखरच नॉर्मल होतं. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या कशा असू शकतात हे ज्याला उमगलं, त्याला तीव्र पॉर्फिरियाचं प्रयोगशाळेतलं निदान बरंचसं उमगलं. म्हणून हा विषय शिकवताना मी फळ्यावर आठ एन्झाइमांची साखळी काढून सुरुवात करत नाही. या फाइलपासून करते. प्रकरण शिकवण्यासाठी बांधलेलं आहे, कुणा एकीचं नाही. आकडे मात्र अशा रुग्णांत जसे येतात तसेच ठेवले आहेत.

रुग्ण २७ वर्षांची. पाच महिन्यांत तिसऱ्यांदा दाखल. पहिल्या खेपेला पोटात असह्य दुखत होतं, उलट्या होत होत्या, म्हणून अपेंडिक्स काढलं गेलं. पॅथॉलॉजीचा अहवाल आला तो निरोगी अपेंडिक्सचा. दुसऱ्या खेपेला आठवडाभर दुखून दुखणं आपोआप थांबलं. त्याच वेळी कुणा जागरूक डॉक्टरच्या मनात पॉर्फिरियाची शंका आली. या शंकेचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण बहुतेक फाइलींत ती कधी उमटतच नाही. पण फॉर्मवर लिहिलं गेलं ‘ब्लड पॉर्फिरिन’. प्रयोगशाळेने जे मागितलं ते मोजलं, उत्तर नॉर्मल आलं, आणि ते लाल वाक्य लिहिलं गेलं.

तिसऱ्या खेपेची सुरुवातही पोटदुखीनेच झाली. लघवी गडद दिसते म्हणून मूत्रमार्गाचा संसर्ग गृहीत धरून सल्फामेथॉक्साझोल-ट्रायमेथोप्रिमच्या गोळ्या दिल्या गेल्या. उलट्यांमुळे तीन दिवस पोटात अन्न नव्हतं. दाखल झाली तेव्हा नाडी ११८, रक्तदाब १५८/१००, ताप नाही. वेदनेने एका कुशीवर धड पडवत नव्हतं, आणि पोट तपासावं तर मऊ. सोनोग्राफी, सीटी, लायपेझ (स्वादुपिंडासाठीची रक्ततपासणी), सगळं ठीक. चार दिवस शौच नाही. सोडियम १२४.

पोट मऊ, वेदना भयंकर, नाडी धावती, सोडियम उतरलेलं. यातली एकेक गोष्ट सुटी सुटी पाहिली तर शंभर कारणं सापडतात. चारही एका तरुण स्त्रीत एकत्र दिसली तर पहिल्या तासात लघवीचा एक नमुना वेगळा काढून ठेवायला हवा. इथे तसं झालं नाही. तिसऱ्या दिवशी सोडियम ११८ वर आलं आणि तिला फिट आली. फिट थांबवायला फेनिटॉइन दिलं गेलं. रात्री तिला भिंतीशी माणसं उभी दिसू लागली, मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं गेलं. पाचव्या दिवशी सकाळी ती नर्सला म्हणाली, “सिस्टर, कंगवा धरता येतोय मला, पण हात डोक्यापर्यंत जातच नाहीये.”

त्या वाक्याने सगळं बदललं. नर्सने ते शब्दशः नोंदवहीत उतरवलं होतं. बोटांत पकड आहे पण खांदा उचलत नाही, म्हणजे हातांच्या वरच्या भागातले स्नायू आधी निकामी होत आहेत. संवेदना बऱ्यापैकी शाबूत, प्रतिक्षेप मंद. तीव्र पॉर्फिरियाची मज्जातंतूंवरची बाधा बऱ्याचदा अशीच दिसते : मुख्यतः चालक तंतूंची, आणि पुष्कळदा हातांपासून, खांद्यांपासून सुरू होणारी. ती तशीच वाढू दिली तर श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचते.

खिडकीतली बाटली

त्याच सकाळी नेहमीच्या तपासणीसाठी आलेली तिची लघवी प्रयोगशाळेत टेबलावर, खिडकीजवळ राहिली होती. आली तेव्हा फिक्या चहाच्या रंगाची होती. तासाभराने तंत्रज्ञाने पाहिली तर गडद, लालसर तपकिरी. त्याने स्ट्रिप बुडवली. रक्ताचा चौकोन कोरा. बिलिरुबिनचा कोरा. युरोबिलिनोजेनचा चौकोन मात्र शेवटच्या पायरीपर्यंत गुलाबी.

लघवी लाल, पण रक्त नाही. युरोबिलिनोजेन भरपूर, पण कावीळ नाही, यकृताच्या चाचण्या ठीक. तंत्रज्ञ स्ट्रिप हातात घेऊन वरिष्ठांकडे गेला : “मॅडम, हे जुळत नाहीये.” काही स्ट्रिपांमध्ये युरोबिलिनोजेनसाठी एहरलिखच्या रिएजंटसारखंच रसायन असतं, आणि ते पॉर्फोबिलिनोजेनशीही रंग देतं. सगळ्या स्ट्रिपांत हे रसायन नसतं. डायझोनियम वापरणाऱ्या स्ट्रिपा पॉर्फोबिलिनोजेनला ओळखत नाहीत. त्यामुळे स्ट्रिपवरून निदान करायचं नाही, पण स्ट्रिपने हटकलं तर थांबायचं. तो तंत्रज्ञ थांबला. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम त्याचं आहे.

पॉर्फोबिलिनोजेन हा शब्द पुढे सारखा येणार, म्हणून व्यवहारात म्हणतात तसं पीबीजी म्हणू. पीबीजीला स्वतःला रंग नसतो. आम्लात, उजेडात, उबेत त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. काहींचं युरोपॉर्फिरिन होतं, काहींचं पॉर्फोबिलिन नावाचं तपकिरी द्रव्य. बाटलीचा रंग तासाभरात बदलला तो यामुळे. म्हणूनच ताजी लघवी फिकी दिसली तरी पॉर्फिरिया नाही असं म्हणता येत नाही.

अडकतं कुठे

हीम तयार होण्याच्या आठ पायऱ्या आहेत. पहिली मायटोकॉन्ड्रियात, मधल्या चार बाहेर पेशीद्रवात, शेवटच्या तीन पुन्हा आत. सुरुवात अगदी साध्या मालापासून : ग्लायसिन हे अमिनो आम्ल आणि सक्सिनिल-कोएन्झाइम ए. ग्लायसिनमधला नायट्रोजन हीममध्ये जातो हे डेव्हिड शेमिन यांनी १९४० च्या दशकात स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं. नायट्रोजन-१५ ने खूण केलेलं ग्लायसिन ते खात राहिले आणि नंतर आपल्या रक्तातल्या हीममध्ये ती खूण शोधत राहिले. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात हेही त्याच प्रयोगातून स्पष्ट झालं.

या दोन द्रव्यांपासून अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल बनतं. आपण एएलए म्हणू. हे काम करणारं एन्झाइम एएलए सिन्थेज, आणि त्याला ब६ जीवनसत्त्वाचं सहकार्य लागतं. एएलएचे दोन रेणू जुळले की एक पीबीजी. पीबीजी म्हणजे एकच पायरोल कडी. अशा चार कड्या एका ओळीत ओवायचं काम एचएमबीएस या तिसऱ्या एन्झाइमचं. त्याला जुन्या पुस्तकांत पीबीजी डिअमिनेज म्हणतात. ती ओळ वाकवून, एक कडी उलटी फिरवून वर्तुळ बंद करायचं काम चौथ्याचं. तेव्हा कुठे युरोपॉर्फिरिनोजेन बनतं, म्हणजे पॉर्फिरिनच्या घराण्यातला पहिला रेणू. पुढे बाजूच्या साखळ्यांची काटछाट होत कोप्रो, मग प्रोटो, आणि अखेर फेरोकेलाटेज मधोमध लोह बसवतं. झालं हीम.

आता आपल्या रुग्णाकडे पाहा. तिचं तिसरं एन्झाइम निम्म्याच ताकदीचं आहे. एक जनुक ठीक, दुसरं बिघडलेलं. अडथळा वर्तुळ बंद होण्याच्या आधी आहे. मग साचणार काय? वर्तुळाआधीचं : एएलए आणि पीबीजी. ही दोन्ही पॉर्फिरिन नव्हेतच. दोन्ही छोटी, पाण्यात सहज विरघळणारी, मूत्रपिंडातून झरझर लघवीत उतरणारी. तिच्या रक्ताच्या पेशींत पॉर्फिरिन शोधणं म्हणजे घाटात दरड कोसळली असताना घाट उतरून पलीकडच्या रस्त्यावर गाड्यांची कोंडी शोधण्यासारखं.

शिवाय ज्या कारखान्यात गोंधळ झाला तो तांबड्या पेशींचा नव्हताच. शरीरातलं बहुतेक हीम, ८० टक्क्यांहून जास्त, अस्थिमज्जेत हिमोग्लोबिनसाठी बनतं. उरलेल्यातलं बरंचसं यकृतात, मुख्यतः औषधं मोडणाऱ्या सायटोक्रोम पी-४५० एन्झाइमांसाठी. पहिल्या पायरीचं एन्झाइम दोन्हीकडे वेगळ्या जनुकांचं. मज्जेतलं एएलए सिन्थेज-२ एक्स गुणसूत्रावरच्या जनुकाचं, आणि त्याचा वेग लोहावर अवलंबून. यकृतातलं एएलए सिन्थेज-१ हीमच्या पातळीवर नजर ठेवून असतं : हीम पुरेसं असलं की मंदावतं, कमी पडलं की जोरात धावतं. औषधं, उपवास, पाळीआधीची संप्रेरकं यांची हाक यकृतातल्या या एन्झाइमला ऐकू जाते, मज्जेतल्याला नाही.

म्हणून एरवी निम्म्या एचएमबीएसवर तिचं व्यवस्थित भागत होतं. पण सल्फाची गोळी, पाठोपाठ फेनिटॉइन, या दोन्हींसाठी यकृताचं हीम जास्त खर्च झालं. तीन दिवसांच्या उपासाने पीजीसी-१ अल्फा हे नियामक प्रथिन वाढलं, आणि त्याने एएलए सिन्थेज-१ आणखी चढवलं. पहिली पायरी भरधाव, तिसरी अरुंद. मध्ये ढीग. आणि तिन्ही खेपांची सुरुवात पाळीच्या आधीच्या आठवड्यात झाली होती, हे फाइलमध्ये कुठेच नव्हतं. ते नंतर विचारल्यावर कळलं. प्रोजेस्टेरॉन हे त्यामागचं कारण.

औषध आणि लाल लघवी यांचं नातं जुनं आहे. १८८९ मध्ये डच डॉक्टर स्टॉकव्हिस यांनी सल्फोनल हे झोपेचं औषध घेतल्यावर गडद लाल लघवी होऊन दगावलेल्या रुग्णाची नोंद केली. पुढे बार्बिट्युरेट आली आणि भुलीच्या इंजेक्शनानंतर अर्धांगवायूसारखी अवस्था झालेल्या रुग्णांच्या कहाण्या वाढल्या. आपल्या रुग्णाला अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत भुलीसाठी काय दिलं होतं, हे फाइलमधून सापडलं नाही. ते पान असायला हवं होतं.

दोन थेंब

तंत्रज्ञाने आणि वरिष्ठांनी त्याच टेबलावर होश टेस्ट केली. सहा मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेलं डायमिथाइलअमिनोबेन्झाल्डिहाइड एका नळीत एक मिलिलिटर घ्यायचं, त्यात लघवीचे दोन थेंब सोडायचे आणि बघायचं. थेंब पडता क्षणी वरच्या थरात चेरीसारखा लाल रंग उमटला, नळी हलवली तसा खालपर्यंत पसरला. शेजारच्या नळीत निरोगी लघवी पिवळसरच राहिली. युरोबिलिनोजेन एवढ्या तीव्र आम्लात, एवढ्या थोड्या लघवीत असा रंग देत नाही. या टेस्टचा फायदा तोच. १९४१ ची वॉटसन-श्वार्ट्झ टेस्ट हाच रंग घेऊन पुढे क्लोरोफॉर्म आणि ब्युटॅनॉलने धुते. धुतल्यावर लाल रंग पाण्याच्या थरातच राहिला तर तो पीबीजीचा. दोन्ही टेस्टना मर्यादा आहेत. पीबीजी थोडं वाढलेलं असेल तर त्या गप्प राहतात. मेथिलडोपा, फेनाझोपिरिडिन यांसारखी औषधं फसवू शकतात. दुसरं औषध तर मूत्रमार्गाच्या जळजळीसाठीच देतात, म्हणजे नेमकं अशाच रुग्णाला. म्हणून दोन थेंबांनी दिलेलं उत्तर हे उपचाराची तयारी सुरू करण्याइतकं भक्कम, पण फाइलमध्ये आकडा हवाच.

आकड्यासाठी नवा नमुना मागवला. चोवीस तासांची लघवी नको, आत्ता होईल ती. हा मुद्दा मी प्रत्येक वर्गात रेटते. चोवीस तास साठवण्यात एक दिवस जातो, डबा उजेडात राहतो, पीबीजी मोडतं, आणि रुग्णाचा खांदा आणखी खाली येतो. एकदाच्या नमुन्यात क्रिएटिनिन मोजलं की पुरे. बाटलीत आम्ल घालायचं नाही. एएलएला ते मानवतं, पीबीजीला नाही. बाटली अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायची आणि लगेच थंडीत. वॉर्डातून बाटली आली ती फॉइलमध्ये, वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर वेळ.

पीबीजी मोजण्याची मूळ पद्धत १९५६ ची, मॉझरॉल आणि ग्रॅनिक यांची, आणि ती आजही अनेक ठिकाणी कामाला येते. लघवी ऋणायन-विनिमय रेझिनच्या बारीक स्तंभातून सोडतात. पीबीजी रेझिनला चिकटतं. युरिया, एएलए वगैरे निघून जातं. मग ॲसेटिक आम्लाने पीबीजी सोडवायचं, एहरलिखच्या रिएजंटशी रंग आणायचा आणि ५५३ नॅनोमीटरला वाचायचं. निसटलेलं एएलए दुसऱ्या, धनायन-विनिमय स्तंभात पकडतात आणि ॲसिटिलॲसिटोनने त्याचं पायरोल बनवून मोजतात. मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर हे सगळं एका झटक्यात होतं.

पीबीजी आलं १४८ मायक्रोमोल प्रति लिटर, क्रिएटिनिन ४ मिलिमोल प्रति लिटर. म्हणजे क्रिएटिनिनच्या दर मिलिमोलमागे ३७ मायक्रोमोल पीबीजी. त्या पद्धतीची वरची मर्यादा १.५. सुमारे पंचवीस पट. एएलए मिलिमोलमागे २२, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वरच्या मर्यादेच्या साधारण सहा पट.

क्रिएटिनिनने भागणं ही कारकुनी नाही. सलाइनच्या बाटल्या चालू असलेल्या रुग्णाची लघवी पाण्यासारखी असते. तिच्यात पीबीजीचा कच्चा आकडा मर्यादेत बसू शकतो आणि पुन्हा एक ‘नॉर्मल’ फाइलला लागू शकतं. उलट, मूत्रपिंड बंद पडलेल्या रुग्णात लघवीच मिळत नाही, तिथे प्लाझ्मातलं पीबीजी मोजावं लागतं.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

पीबीजी इतकं वाढलेलं असेल तर तीव्र पॉर्फिरिया आहे, हे नक्की. शिशाची विषबाधा नाही, कारण शिसं दुसरं एन्झाइम अडवतं. तिथे एएलए वाढतं, पीबीजी जागेवर राहतं. टायरोसिनेमिया प्रकार १ या दुर्मिळ आनुवंशिक आजारातही तसंच, आणि अत्यंत दुर्मिळ एएलए डिहायड्रेटेज पॉर्फिरियातही तसंच. पोटदुखी आणि मज्जातंतूंची कमजोरी या सगळ्यांत येते. त्यातून वाट काढून देतो तो एएलए आणि पीबीजी यांचा जोडीने वाचलेला आकडा.

इथे एक नेहमीचा फसवा रस्ता सांगून ठेवते. फॉर्मवर ‘युरिन पॉर्फिरिन’ लिहिलं असतं तर कदाचित आकडा वाढलेला आला असता, पण त्यावरून निर्णय घेता आला नसता. यकृताचे आजार, मद्य, शिसं, ताप, कितीतरी कारणांनी लघवीत कोप्रोपॉर्फिरिन थोडं वाढतं. अशा वाढीवरून ज्यांना पॉर्फिरिया नाही त्यांनाही तो शिक्का बसतो आणि वर्षानुवर्षं पुसत नाही. दुसऱ्या खेपेला जी चूक झाली तिची ही जुळी बहीण. एकीत आजार निसटतो, दुसरीत नसलेला चिकटतो. दोन्हींच्या मुळाशी तोच घोळ : आजाराच्या नावात पॉर्फिरिन आहे म्हणून पॉर्फिरिन मागणं.

मात्र कोणता तीव्र पॉर्फिरिया, हे पीबीजी सांगत नाही. इथे तीन उमेदवार उरतात : अक्यूट इंटरमिटंट, व्हेरिगेट आणि हेरेडिटरी कोप्रोपॉर्फिरिया. उपचार तिघांचा सारखाच, म्हणून उपचार या उत्तरासाठी थांबवायचे नाहीत. नमुने मात्र उपचाराआधी काढून ठेवायचे, कारण हीमिन, म्हणजे शिरेतून द्यायचं हीम, दिल्यावर आकडे उतरू लागतात. फॉइलमधले चार नमुने एका ट्रेमध्ये निघाले : लघवी, प्लाझ्मा, ईडीटीए घालून न गोठू दिलेलं रक्त, मल.

प्लाझ्मा ४०० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने उजळवला की पॉर्फिरिन लाल झळकतात, आणि झळकण्याचा माथा कुठे येतो ते पाहतात. व्हेरिगेट पॉर्फिरियात प्रोटोपॉर्फिरिन प्रथिनाला घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळे माथा ६२४ ते ६२८ ला येतो. तिचा आला ६१९ ला. व्हेरिगेट बाद. मलातलं पॉर्फिरिन मर्यादेत, कोप्रोपॉर्फिरिनच्या ३ आणि १ या समघटकांचं प्रमाणही ठीक. हेरेडिटरी कोप्रोपॉर्फिरियात ३ चं पारडं ठळकपणे जड होतं. तोही बाद. उरला अक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया, ज्याचं तपशीलवार वर्णन स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९३७ मध्ये केलं.

तांबड्या पेशींतलं एचएमबीएस मोजलं तर ते निम्मं यायला हवं. तिचं आलं नॉर्मल पट्टीच्या अगदी खालच्या काठावर. मला हा रिपोर्ट फार आवडतो, कारण तो विद्यार्थ्यांना डळमळीत करतो. निरोगी माणसं आणि रुग्ण यांचे आकडे या चाचणीत एकमेकांवर चढतात. तांबड्या पेशी तरुण असतील तर एन्झाइम जास्त दिसतं. आणि काही कुटुंबांत बिघाड जनुकाच्या पहिल्या एक्झॉनपाशी, म्हणजे वाचल्या जाणाऱ्या पहिल्या तुकड्यापाशी, असतो. तांबड्या पेशींचा एचएमबीएस तो भाग वगळून वाचला जातो, म्हणून यकृतात एन्झाइम निम्मं असूनही रक्तात पूर्ण भरतं. काठावरच्या आकड्याने पीबीजीचा पंचवीसपट आकडा खोटा ठरत नाही. शेवटचा शब्द डीएनएचा. अकराव्या गुणसूत्रावरच्या एचएमबीएस जनुकात आजाराला कारणीभूत बदल सापडला. तो रिपोर्ट यायला काही आठवडे लागले, आणि तोवर रुग्ण घरी गेली होती.

पलंगापाशी

होश टेस्ट लाल आल्याचा फोन गेला त्याच तासात सल्फा आणि फेनिटॉइन बंद झालं. फिटसाठी लेव्हेटिरॅसिटॅम सुरू झालं. वेदनेसाठी मॉर्फिन, आणि ते पुरेसं. या रुग्णांना वेदनाशामकाबाबत संशयाने पाहिलं जातं, तिसऱ्यांदा दाखल झालेलीला तर जास्तच. मॉर्फिन पॉर्फिरियात सुरक्षित आहे आणि वेदना खरी आहे. ग्लुकोज दिवसाला ३०० ग्रॅमच्या वर द्यायचं असतं, ते एएलए सिन्थेज-१ ला थोडं आवरतं. पण सोडियम ११८ असताना डेक्स्ट्रोजचं पाणी लिटरांनी ओतणं धोक्याचं, म्हणून मोठ्या शिरेतून घट्ट ग्लुकोज, आणि सोडियम हळूहळू वर.

खरं औषध हीमिन : रोज वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम, चार दिवस, मोठ्या शिरेतून. यकृताला बाहेरून हीम मिळालं की पहिली पायरी मंदावते. अमेरिकेत ते १९८३ पासून मान्य आहे. हीमिननंतर प्लाझ्मा तपकिरी दिसतो, रंगावर बेतलेल्या काही तपासण्यांत अडथळा येऊ शकतो आणि रक्त गोठण्याच्या वेळा तात्पुरत्या लांबतात. प्रयोगशाळेला हे आधी कळवलेलं बरं, नाहीतर नवाच शोध सुरू होतो. चौथ्या दिवशी पीबीजीचं प्रमाण ३७ वरून ९ वर आलं. पोट तिसऱ्याच दिवशी शांत झालं होतं. खांदे मात्र तसेच. मज्जातंतू परत सावरायला महिने लागतात, हे तिला आणि तिच्या आईला त्याच वेळी स्पष्ट सांगितलं गेलं.

दोष यकृतात आहे, याचा एक पुरावा मला नेहमी थक्क करतो. वारंवार अटॅक येणाऱ्या काही रुग्णांचं यकृत बदललं तेव्हा अटॅक थांबले. आणि त्यांचं काढलेलं यकृत ज्यांना दुसरा पर्याय नव्हता अशांना बसवलं गेलं, तेव्हा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पॉर्फिरियाचे अटॅक आले. आता यकृतातल्या एएलए सिन्थेज-१ चा संदेशच गप्प करणारं गिव्होसिरान हे महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ते वारंवार अटॅक येणाऱ्यांसाठी. हिला अजून त्याची गरज पडलेली नाही.

घरातली माणसं

जनुकातला बदल सापडल्यावर घरच्यांची तपासणी झाली. बदल आला होता वडिलांकडून. पन्नाशी ओलांडलेले, धडधाकट, पोटदुखीचा एकही प्रसंग नाही. हा बदल अंगात असलेल्यांपैकी बहुतेकांना कधीच अटॅक येत नाही. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, त्याच्यातही बदल सापडला. त्याचं लघवीतलं पीबीजी पूर्ण नॉर्मल. नुसती लघवी तपासली असती तर त्यालाही कुणी ‘पॉर्फिरिया नाही’ असं लिहून दिलं असतं. अटॅकमध्ये जी तपासणी सर्वांत खात्रीची, तीच निरोगी वाहकात निरुपयोगी. तिथे घरातला बदल ठाऊक असेल तर डीएनएच बघायचा. भावाला आणि वडिलांना टाळायच्या औषधांची यादी मिळाली. नॉर्वेच्या पॉर्फिरिया केंद्राचा औषधांचा संग्रह त्यासाठी कामाला येतो. वडिलांना आणखी एक सल्ला : पन्नाशीनंतर या आजारात यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, अटॅक आलेले नसले तरी, म्हणून ठरावीक काळाने सोनोग्राफी.

ती स्वतः नऊ महिन्यांनी तपासणीला आली तेव्हा पोट छान होतं, केस तिने स्वतः विंचरले होते, उजवा खांदा अजून थोडा लवकर थकत होता. पीबीजी मोजलं : मिलिमोलमागे ११. अटॅक नसताना, मर्यादेच्या सातपट. अक्यूट इंटरमिटंटमध्ये हे असंच राहतं, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. म्हणजे उद्या तिचं पोट दुखलं आणि पीबीजी ११ आलं तर ते दुखणं पॉर्फिरियाचंच असेल असं नाही. तेव्हा खरोखरच अपेंडिक्ससारखं दुसरं काही शोधावं लागेल. ३० आलं तर गोष्ट वेगळी. म्हणून तिच्या पाकिटातल्या कार्डावर आजाराच्या नावाखाली, टाळायच्या औषधांच्या वर, ११ हा आकडा एककासह लिहून दिला आहे, आणि शेजारी तारीख.